नाक तिथंच, तरी विमान कधी चढतं कधी नाही

वाचकाचं पत्र:

"नमस्कार सर. माझं फ्लाइंग ट्रेनिंग नुकतंच सुरू झालंय. एका इंजिनाचं छोटं विमान आहे, मी डावीकडे बसते आणि इन्स्ट्रक्टर उजवीकडे. ते सारखं म्हणतात बाहेर बघ, क्षितिज बघ, नाक सांभाळ. मी नाक क्षितिजाला लावून धरते तर विमान चढायला लागतं आणि स्पीड पडतो. जरा खाली घेतलं की बघता बघता दोनशे फूट गेलेले असतात. मग परवा स्लो फ्लाइट केलं तर नाक तसंच क्षितिजाला लागलेलं आणि विमान एक फूटही चढत नव्हतं! त्यात डावीकडे वळले की उंची कमी होते, उजवीकडे वळले की वाढते. समोरच्या त्या निळ्या-तपकिरी गोळ्यात रेष खाली सरकली की मला वाटतं नाक खाली गेलं आणि मी अजून ओढते. घरी सिम्युलेटरवर सगळं जमतं, खऱ्या विमानात काहीच कळत नाही. मला पिच हा प्रकार मुळातच समजला नाहीये का?"

उत्तर:

अगं, अर्धा समजलाय तुला, आणि उरलेल्या अर्ध्याचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे. नाक एकदा क्षितिजाला लावलं तर विमान चढलं, दुसऱ्या वेळी तेवढंच लावलं तर चढलं नाही, हे तू स्वतः बघून लिहिलंयस. तेच चित्र, तोच कोन, आणि परिणाम वेगळा. आता फक्त त्याच्यावरून जे निघतं ते मान्य करून टाक: नाक कुठे बघतंय आणि विमान कुठे चाललंय या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. जमिनीवर आयुष्य गेल्यामुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की तोंड जिकडे, जाणं तिकडे. हवेत तसं होईलच असं नाही, आणि तुझ्या बहुतेक सगळ्या तक्रारी तिथूनच सुरू होतात.

पिच म्हणजे विमानाचं नाक क्षितिजाच्या रेषेपासून किती अंश वर किंवा खाली आहे, एवढंच. स्टिक (हातातला दांडा) मागे ओढलीस की शेपटीवरचा एलिव्हेटर (हलणारी आडवी फळी) वर उचलला जातो, हवा शेपटीला खाली दाबते आणि नाक वर येतं. पिचचं काम इथे संपलं. विमान प्रत्यक्षात ज्या वाटेनं चाललंय तिचा क्षितिजाशी वेगळा कोन असतो, आणि या दोन कोनांत जो फरक असतो तो ढोबळमानानं तुझा अँगल ऑफ अटॅक, म्हणजे पंखावर हवा किती तिरकी येतेय ते. पंखाला विमानाचं वजन तर उचलायचंच आहे. स्पीड भरपूर असेल तर थोडासा तिरका कोन पुरतो, स्पीड कमी झाला की तेवढंच वजन उचलायला कोन वाढवावा लागतो. परवा तुझ्या स्लो फ्लाइटमध्ये नेमकं हेच चाललं होतं. विमान सरळ आडवं जात होतं, पण हळू जात होतं म्हणून पंखाला मोठा कोन हवा होता, म्हणून नाक वर. आणि आधी चढत होतीस तेव्हा पॉवर जास्त होती, स्पीडही स्लो फ्लाइटपेक्षा जास्त होता, त्यामुळे पंखाला कोन थोडाच लागत होता आणि नाकाच्या कोनातला बाकीचा भाग खरोखरच चढायला मिळत होता. बाहेरचं चित्र जवळपास सारखं, पण आतला हिशोब वेगळा.

मोठ्या प्रवासी विमानात तर हे अजून मजेशीर दिसतं. लँडिंगला येताना ते साधारण 3 अंशांच्या उताराने खाली येत असतं आणि त्याच वेळी नाक मात्र 2-3 अंश वर असतं. म्हणजे नाक वर आणि विमान खाली, पूर्ण ताब्यात, रोज, जगभर. क्रूझमध्ये, म्हणजे मधल्या सरळ प्रवासात, आडवं जातानाही नाक 2-3 अंश वरच असतं.

आणि ताबा सुटला तर हाच फरक किती भयंकर होऊ शकतो तेही सांगतो, तुला घाबरवायला नाही पण हे एकदा कळलं की कायमचं लक्षात राहतं. 1 जून 2009 ला रिओहून पॅरिसला निघालेली एअर फ्रान्सची 447 नंबरची फ्लाइट अटलांटिक महासागरात पडली, 228 माणसं गेली. रेकॉर्डरमधल्या शेवटच्या नोंदींत नाक क्षितिजाच्या 16 अंश वर होतं आणि विमान मिनिटाला जवळजवळ 11,000 फूट खाली येत होतं, पुढे जाण्याचा वेग फक्त 107 नॉट (तासाला 107 नॉटिकल मैल), म्हणजे जितकं पुढे जवळपास तितकंच खाली. पंख स्टॉल झालेले होते, म्हणजे हवा इतकी तिरकी येत होती की पंखांची उचलायची ताकद कोलमडली होती. रात्र होती, बाहेर बघायला क्षितिज नव्हतं, आणि वर रोखलेलं नाक विमान कुठे चाललंय ते सांगत नव्हतं. म्हणून पहिल्या दिवसापासून सवय लाव की पिच बघितला की लगेच पुढचा प्रश्न: पॉवर किती आणि स्पीड किती? ॲटिट्यूड (विमान क्षितिजाशी कसं धरलंय ते) आणि पॉवर, दोन्ही मिळून विमान काय करणार ते ठरतं. एकट्या नाकाला विचारून उत्तर मिळत नाही.

आता "नाक क्षितिजाला लाव" या वाक्याकडे येऊ. तुझे इन्स्ट्रक्टर नाक सांभाळ म्हणाले, त्याचा अर्थ तू काउलिंगची (इंजिनावरच्या झाकणाची) वरची कड क्षितिजाला टेकवायची असा घेतलास, आणि बऱ्याच ट्रेनर विमानांत ते चित्र क्लाइंबचं असतं! म्हणून चढत होतीस. लेव्हल क्रूझमध्ये काउलिंगची कड क्षितिजाच्या बरीच खाली असते, मध्ये जमिनीचा एक पट्टा दिसतो. किती खाली ते विमानावर आणि तुझ्या बसण्याच्या उंचीवर आहे. सेसना 172 सारख्या विमानात बरेच जण हात पुढे करून ग्लेअरशील्डवर (पॅनलच्या वरच्या कठड्यावर) आडवी चार बोटं धरतात आणि बोटांच्या वर क्षितिज येतं का बघतात. तुझ्या विमानात तीन बोटं निघतील, पाच निघतील, ते तू स्वतः शोधायचंस. विमान नीट लेव्हल आणि ट्रिम केलेलं (म्हणजे हातावर ओढ न येता तसंच राहणारं) असेल तेव्हा इन्स्ट्रक्टरना म्हण की जरा धरता का, आणि शांतपणे बघून घे. नुसतं "हं दिसतंय" असं नको, नीट बघ. कडेपासून क्षितिजापर्यंत किती जागा आहे, काचेवर तुझ्या डोळ्यासमोर नेमकं काय येतंय, एखादा ओरखडा असेल, किड्याचा डाग असेल (हो, पायलट लोक खरंच किड्याचा डाग वापरतात), तो क्षितिजाच्या वर आहे की खाली. काचेवर मार्करनं काही काढू नकोस हां, बहुतेक छोट्या विमानांची विंडस्क्रीन अ‍ॅक्रिलिकची असते आणि ती पटकन खराब होते.

हे बघताना दोन गोष्टी सांभाळ नाहीतर सगळं मुसळ केरात. एक म्हणजे सीट. दरवेळी त्याच उंचीला आणि तितकीच पुढे. काउलिंगची कड डोळ्यापासून दीड मीटरवर असेल आणि आज तू दोन सेंटिमीटर खाली बसलीस, तर चित्र जवळजवळ पाऊण अंशानं बदललं, आणि तुला वाटणार की विमानच आज वेगळं वागतंय. काही मोठ्या विमानांच्या कॉकपिटमध्ये तर डोळे बरोबर उंचीला आहेत का हे बघायला मधोमध छोटे गोळे लावलेले असतात, ते एका रेषेत दिसेपर्यंत पायलट सीट वरखाली करतात. तुझ्याकडे गोळे नाहीत, मग सीटचा खटका कितव्या खाचेत आहे ते लक्षात ठेव, आणि उशी घेत असशील तर तीच उशी घे.

दुसरं म्हणजे बघायचं कुठे. इथेच तुझ्या डावी-उजवीचं कोडं सुटतं. तू डावीकडे बसतेस, त्यामुळे काउलिंगचा मध्य तुझ्या उजव्या बाजूला येतो, आणि तू त्याच्यावरून पिच मोजतेयस असं मला दिसतंय. डावीकडे बँक केलं (विमान कलंडवलं) की विमानाची उजवी बाजू वर जाते, तिच्याबरोबर काउलिंगचा मध्यही क्षितिजाच्या तुलनेत वर आल्यासारखा दिसतो, तू म्हणतेस नाक वर गेलं, दाबतेस, उंची गेली. उजवीकडे वळताना सगळं उलटं, मध्य खाली गेल्यासारखा दिसतो, तू ओढतेस, उंची वाढली. पिच बिचारा होता तिथेच होता. तर पिच मोजायचा तो तुझ्या डोळ्यांच्या अगदी सरळ समोर काउलिंगवर जी जागा येते तिच्यावरून. तिथं एखादा स्क्रू, रिव्हेट, रंगाची रेघ असं काहीतरी धरून ठेव. वळताना क्षितिज तिरकं होईल पण त्या जागेपाशी तेवढंच अंतर राहिलं पाहिजे. (जरा जास्त बँक असेल तर उंची राखायला थोडं मागे ओढावं लागतंच, ते वेगळं, ते इन्स्ट्रक्टर सांगतील.)

आता ते दोनशे फूट. हा माझा सगळ्यात आवडता हिशोब आहे, म्हणून जरा सावकाश वाच. काच तुझ्या डोळ्यापासून साधारण 57 ते 60 सेंटिमीटरवर असते असं धर. तेवढ्या अंतरावर 1 अंश म्हणजे काचेवर बरोब्बर 1 सेंटिमीटर. म्हणजे नाक 1 अंश खाली गेलं तर क्षितिज काचेवर 1 सेंटिमीटर वर सरकलेलं दिसेल. आणि 1 अंशानं किती फरक पडतो? मिनिटाला जितके नॉटिकल मैल जातेस त्याला 100 नं गुण. 90 नॉट म्हणजे मिनिटाला दीड मैल, म्हणजे 1 अंशाला मिनिटाला साधारण 150 फूट. 120 नॉटला 200 फूट. (हे छोट्या बदलाचं आणि सुरुवातीचं गणित आहे, बदल मोठा केला की स्पीड बदलतो आणि मग आकडे बदलतात.)

म्हणजे बघ, तू रेडिओवर बोललीस, नकाशाकडे पाहिलंस, तेवढ्यात नाक नखाएवढं सरकलं, आणि सव्वा मिनिटात दोनशे फूट गेले. तुझ्या हातून काही मोठं चुकलेलं नाही, एका सेंटिमीटरची गोष्ट आहे. आणि म्हणूनच तुझे इन्स्ट्रक्टर सारखं बाहेर बघ म्हणून मागे लागतात, कारण हा सेंटिमीटर क्षितिजावर लगेच दिसतो, त्याच क्षणी, आणि अल्टिमीटरवर (उंची दाखवणाऱ्या यंत्रावर) दिसेपर्यंत पन्नास-साठ फूट गेलेले असतात. व्हीएसआय, म्हणजे मिनिटाला किती फूट चढतोय-उतरतोय ते दाखवणारं यंत्र, तर त्याहून मागे, साध्या व्हीएसआयला खरा आकडा दाखवायला 6 ते 9 सेकंद लागतात. नवा माणूस काय करतो, व्हीएसआयची सुई खाली दिसली की ओढतो, सुई लगेच हलत नाही म्हणून अजून ओढतो, मग सुई एकदम वर जाते, मग दाबतो, आणि विमान असं लाटा खात चालतं आणि शेजारचे सर खिडकीबाहेर बघत गप्प बसतात. सुई म्हणजे काही सेकंदांपूर्वीची बातमी. क्षितिज म्हणजे आत्ताचं.

म्हणून क्रम असा ठेव. आधी क्षितिजावर चित्र लाव. मग ते चित्र तसंच धरून ठेव, हात हलके ठेवून, मुठीत न आवळता, दोन-तीन बोटं आणि अंगठा एवढंच, आणि मनात सावकाश दहापर्यंत मोज. मोजत असताना काहीही बदलायचं नाही, सुई काहीही म्हणू दे. मग आत एक नजर टाक, अल्टिमीटर, स्पीड, व्हीएसआय, आणि परत बाहेर. उंची थोडी घसरत असेल तर चित्र अर्धा सेंटिमीटर बदल, परत धर, परत मोज. चित्र स्थिर झालं आणि हातावर ओढ किंवा दाब जाणवतोय, तेव्हा ट्रिम फिरव, ओढ संपेपर्यंत. ट्रिम फिरवून नाक हलवायचं नाही, नाक स्टिकनं हलवायचं आणि हाताचं ओझं ट्रिमनं उतरवायचं. बहुतेक नव्या लोकांचा पिच बिघडतो त्याचं अर्धं कारण ट्रिम न केलेलं विमान असतं, सतत ओझं धरून हात थकतो आणि थकलेला हात सैल पडला की नाक गेलंच. ट्रिम नीट झालंय का ते बघायला इन्स्ट्रक्टरना सांगून बोटं जराशी उचल, चित्र तसंच राहिलं तर झालं.

पॉवर बदललीस की नाकही हलणार हे गृहीत धरून चाल. बहुतेक छोट्या विमानांत पॉवर वाढवली की नाक वर जातं, कमी केली की खाली पडतं, आणि तू तेव्हा थ्रॉटलकडे (पॉवरच्या दांड्याकडे) बघत असतेस! थ्रॉटल हातानं कळतो, डोळे बाहेर ठेव.

आता तो निळा-तपकिरी गोळा, म्हणजे ॲटिट्यूड इंडिकेटर. त्यातली रेष खाली गेली की तू ओढतेस, कारण तुला वाटतं रेष म्हणजे नाक. रेष हे क्षितिज आहे. नाक म्हणजे मधलं ते छोटंसं विमानाचं चिन्ह, आणि ते केसिंगला बसवलेलं असतं, नाक हललं म्हणून ते हलत नाही. पॅनलमध्ये बाहेरच्या जगाकडे उघडणारी एक छोटी खिडकी कापलीय असं समज. विंडस्क्रीनमधून काय दिसतं? नाक वर गेलं की क्षितिज काचेवर खाली सरकतं आणि आकाश जास्त दिसतं. गोळ्यातही तेच, नाक वर गेलं की रेष खाली आणि निळं जास्त. त्यामुळे रेषेच्या मागे पळू नकोस, चिन्ह कशावर आहे ते बघ: निळ्यात असेल तर नाक वर, तपकिरीत असेल तर नाक खाली. बाजूच्या छोट्या-मोठ्या रेघा अंश सांगतात, 5, 10, 15, 20. हा घोळ तुझ्या एकटीचा नाहीये. अनेक रशियन विमानांत उलटी पद्धत वापरली गेली, तिथे बँक करताना क्षितिज आडवंच राहतं आणि विमानाचं चिन्ह कलंडतं, म्हणजे कुठला भाग हलताना दाखवायचा हा प्रश्न डिझाइन करणाऱ्यांनाही पडलेलाच होता.

या यंत्राबद्दल मला मनापासून आदर आहे. 24 सप्टेंबर 1929 ला जिमी डूलिटल या अमेरिकन पायलटनं कॉकपिट वरून पूर्ण झाकून घेऊन, बाहेरचं काहीही न बघता टेकऑफ केलं, चक्कर मारली आणि लँडिंग केलं, आणि त्याच्या पॅनलमध्ये स्पेरी कंपनीनं बनवलेलं कृत्रिम क्षितिज होतं. दुसऱ्या कॉकपिटमध्ये सेफ्टीसाठी एक पायलट बसलेला होता, तो गरज पडली तरच कंट्रोल घेणार होता, आणि गरज पडली नाही. तोपर्यंत ढगात शिरलेला पायलट शरीराला जे वाटेल त्यावर चालायचा, आणि शरीर या बाबतीत चक्क खोटं सांगतं. कानातला तोल सांभाळणारा अवयव मागे झुकणं आणि जोरात पुढे ढकललं जाणं यांत फरकच करू शकत नाही. अंधारात टेकऑफ घेतलं, विमान वेग घेतंय, बाहेर एकही दिवा नाही, की पायलटला ठाम वाटतं नाक फार वर गेलंय, आणि तो दाबतो, जमिनीच्या जवळ असताना. 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठात 20 पायलटांवर एक प्रयोग झाला, यंत्रांवर उडवण्याचं ट्रेनिंग नसताना क्षितिज गेलं तर काय होतं ते बघायला. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. तर तू आत्ता ज्या स्टेजला आहेस तिथे क्षितिज दिसेनासं व्हायला लागलं की मागे फिरायचं, यात दुसरा विचार नाही.

पण दिवसाढवळ्याही क्षितिज फसवतं, हे तुला लवकरच भेटेल. समोर डोंगररांग असेल तर माणूस नकळत डोंगराच्या माथ्याला क्षितिज धरतो आणि नाक हळूहळू वर जातं, स्पीड पडायला लागतो, कळतही नाही. खरं क्षितिज डोंगराच्या खाली, साधारण पायथ्यापाशी आहे असं मनात ओढून घ्यायचं, किंवा नाक वळवून दुसरीकडचं मोकळं क्षितिज बघून चित्र तपासायचं. ढगांची वरची बाजू तिरकी असली की तीच रेष खरी वाटते आणि पंख तिच्या बरोबरीनं तिरके होतात. धुरकट हवेत क्षितिज असतंच असं नाही, नुसता राखाडी पट्टा असतो, तेव्हा आतल्या गोळ्याकडे जास्त वेळा नजर टाकावी लागते. उंचीचाही थोडा परिणाम असतो, 1,000 मीटरवरून दिसणारं क्षितिज डोळ्याच्या आडव्या पातळीपेक्षा साधारण 1 अंश खाली असतं आणि 10,000 मीटरवरून 3 अंश, पण तुझ्या ट्रेनिंगच्या उंचीत याचं फारसं मनावर घ्यायची गरज नाही.

क्लाइंबमध्ये कधी नाक इतकं वर असतं की समोर क्षितिज दिसतच नाही. तेव्हा बाजूला बघायचं. पंख क्षितिजाशी किती तिरका आहे त्यावरून पिच अगदी छान कळतो, एरोबॅटिक्सवाले तर पंखाच्या टोकाला त्यासाठी खास सळ्यांचा सांगाडाच लावतात. डावं पंख बघ, उजवं बघ, दोन्हीकडे अंतर सारखं असेल तर बँकही नाही. आणि अजून एक, समोर दुसरं विमान दिसलं आणि ते क्षितिजाच्या वर असेल तर ते तुझ्यापेक्षा वर आहे, क्षितिजावर असेल तर जवळपास तुझ्याच उंचीला, तेव्हा त्याच्यावरची नजर काढू नकोस.

सिम्युलेटर. तिथे जमतं याचं कारण सांगू का, तिथे तू आकडे बघून उडवतेस. स्क्रीनवर क्षितिज जेमतेम हातभर रुंद असतं, डोळ्याच्या कोपऱ्यातून काही दिसत नाही, 1 अंश म्हणजे दोन-चार मिलिमीटर असतात, मग माणूस साहजिकच यंत्रांवर जातो आणि ती सवय विमानात घेऊन येतो. सिम्युलेटर सोडू नकोस, पण थोडे दिवस असं कर: कॅमेरा एका जागी फिक्स कर, झूमला हात लावू नकोस, पॅनल झाकून टाक किंवा नजरेआड कर, आणि नुसतं काउलिंग आणि क्षितिज बघून लेव्हल ठेव. दोन मिनिटांनी पॅनल उघडून बघ उंची किती हलली. ॲटिट्यूड इंडिकेटरची सवय वेगळी करायची असेल तर उलटं कर, बाहेर सगळा ढग लाव आणि फक्त गोळा बघून पिच 5 अंश वर, मग शून्य, मग 5 अंश खाली. चिन्ह आणि रेष यातला गोंधळ असाच सुटेल, विमानात पैसे जाळून सोडवायची गरज नाही.

पुढच्या सॉर्टीला (उड्डाणाला) इन्स्ट्रक्टरना सांग की मला एकाच उंचीवर तीन स्पीडला लेव्हल फ्लाइट करून बघायचंय. क्रूझ स्पीडला चित्र बघ, मग पॉवर कमी करून उंची तशीच ठेव, नाक हळूहळू वर येताना बघ, मग अजून हळू, तुझ्या त्या स्लो फ्लाइटपर्यंत. अल्टिमीटर एका जागी आणि काचेवर क्षितिज पाच-सहा सेंटिमीटर खाली सरकलेलं, हे एकदा सलग डोळ्यांनी पाहिलंस की मी वर जे इतकं लांबलचक लिहिलंय ते सगळं तुला दोन मिनिटांत कळेल. त्यानंतर त्यांना म्हण की माझ्यापुरतं पॅनल कागदानं झाका, तुम्ही बघत राहा. बरेच इन्स्ट्रक्टर हे खुशीनं करतात. आणि खाली आल्यावर वहीत चित्रं काढ, लेव्हल, क्लाइंब, ग्लाइड, स्लो, प्रत्येकाखाली पॉवर आणि स्पीड लिही. चित्रकला यायला हवी असं काही नाही, एक रेष क्षितिजाची, एक काउलिंगची, झालं.

सर्किट-लँडिंग (रनवेभोवती फेरी मारून उतरण्याचा सराव) सुरू झालं की हेच क्षितिज अजून एका कामाला येणार आहे. 3 अंशांच्या उतारानं येत असशील तर रनवेवरची जिथे टेकायचं ठरवलंयस ती जागा क्षितिजाच्या बरोबर 3 अंश खाली दिसते, पाच मैलांवरून बघ नाहीतर अर्ध्या मैलावरून, काचेवर तेच तीन सेंटिमीटर. अंतर तीनपेक्षा वाढायला लागलं तर तू जास्त उंचावर आहेस, कमी व्हायला लागलं तर खाली, आणि तेव्हाही नाकाला हात लावायच्या आधी पॉवर आणि स्पीड बघ.